महिन्यातले माझे चार दिवस

१० जानेवारी १९५४, रविवार

प्रबंध टंकून, बांधून आला. चांगला जाडजूड. सुमतीने टेबलावर ठेवला तशी आई हळदकुंकू घेऊन आली. सु. घाबरली, "आत्याबाई, कागदावर डाग पडेल." आईने मग टेबलालाच कुंकू लावलं. टेबल आता प्रसन्न दिसतं.

विषय पानवेलीचा मर रोग. आमच्याच वाडीतल्या वेली. पावसाळ्यात बुंध्याशी काळ्या पडतात आणि बघता बघता बसतात. दोन पावसाळे ही बाई रोज सकाळी त्यांच्यापुढे उकिडवी बसलेली. अख्ख्या सांडोर गावात कुणाच्या सुनेने असलं काही केलेलं नाही. मी शाळेत मराठी-संस्कृत शिकवणारा मास्तर, प्रबंधातलं निम्मं कळत नाही, पण छाती माझीच फुगली आहे.

१३ जानेवारी

सु. मुंबईहून तोंड पाडून आली. तिचे मार्गदर्शक, म्हणजे सर, एका वाक्यावर अडून बसलेत. वाक्य इंग्रजीत आहे, माझ्यापुरतं मराठी करून ठेवतो: "दर महिन्यातील चार दिवसांची निरीक्षणे माझ्या पतींनी घेतली, कारण त्या दिवसांत येथील रीतीप्रमाणे स्त्रीला पानवेलीच्या वाडीत प्रवेश नसतो."

सर म्हणतात, काढ. परीक्षक विचारतील, मग काम कुणाचं? आज नाही विचारलं तर उद्या नोकरीच्या मुलाखतीत विचारतील. फार तर 'आजारपणामुळे' असं घाल.

सु. म्हणाली, "सर, मी आजारी नव्हते."

आमच्याकडे पानवेल म्हणजे देवच. वाडीत शिरताना चपला कुंपणाबाहेर, आणि त्या दिवसांत बाईने वेलीजवळ फिरकायचंही नाही. बाबा या बाबतीत भलते कडक. म्हणून ते चार दिवस माझे. मातीत थर्मामीटर खुपसायचा, पिवळी पानं मोजायची, बुंधे पाहायचे, लिहायचं, मग आंघोळ करून शाळेत 'रघुवंश'. दोन वर्षं.

१४ जानेवारी, संक्रांत

वाक्य तसंच राहिलं. तिळगूळ देता देता मी म्हटलं, "पुढची नोकरी हातची गेली तर?" तर म्हणे, "खोटं लिहून मिळवली तर रोज भीत भीत करावी लागेल." मी दोन वड्या जास्त खाल्ल्या.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. नाव नसलं तरी 'पती' म्हणून छापला गेलो.

२ फेब्रुवारी

सर माणूस विचार करणारा. प्रबंध दिला की त्यांचे विद्यार्थी मोकळे होत नाहीत, पुढच्या कामात अडकतात. म्हणाले, "देशाची पंचवार्षिक योजना असते, तुझी का नसावी? डॉक्टर झाल्यावर पाच वर्षांत काय शिकणार, कुठे राहणार, कुणाला शिकवणार, लिहून आण."

तिच्यासमोर दोन वाटा आहेत. मुंबईतल्या एका कॉलेजात व्याख्यातीची जागा: घर न सोडता जाऊन-येऊन होईल, कायमची. किंवा दक्षिणेत पानवेलीचं सरकारी संशोधन केंद्र निघालंय, तिथे दोन वर्षांची फेलोशिप. दोन वर्षांनी पुढे काय, कुणी सांगू शकत नाही. पण प्रयोगशाळा मोठी, आणि तिच्या रोगावर असं काम दुसरीकडे कुठेच नाही.

सु.ने योजना माझ्या वर्गाच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर लिहिली. बुरशी शुद्ध वाढवायला शिकणे. जर्मन वाचता येण्याइतकी. लोकांपुढे कागदाशिवाय बोलणे. आणि शेवटी, अधोरेखित: दक्षिण.

मी विचारलं, "आणि मी कोणत्या वर्षात येतो?" हसली नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज मजा. 'कागदाशिवाय बोलणे' याची सुरुवात सरांनी गावातच करायला लावली. ज्यांच्या वाड्यांत काम केलंस त्यांना आधी समजावता आलं पाहिजे, म्हणे. देवळाच्या मंडपात वाडीवाले जमले. बाबा पहिल्या रांगेत, धुतलेली टोपी.

सु. सुरुवातीला शुद्ध पुस्तकी बोलत होती. मागे दोघे जांभया देत होते. मग एकदम घरच्या बोलीवर आली, "पानी साचलं का येल मेली, आदी चर काढा." सगळे सावरून बसले. कुणीतरी विचारलं, औषधात मोरचूद आणि चुना किती किती घालायचा? ती तोंड उघडायच्या आत बाबांनीच उत्तर ठोकलं. चुकीचं.

"मामंजी, जरा थांबा," सु. म्हणाली, आणि बरोबर प्रमाण सांगितलं. चारचौघांत. बाबा उठले, लोकांकडे वळून म्हणाले, "ती बोलते तसं करा. मी चुकलो तर माजी येल मरल, तिची नाय."

घरी येताना बाबा अख्ख्या वाटेने कुणाकुणाला थांबवून "माजी सून" करत होते. इतक्या लांबच्या रस्त्याने तर ते कधी येत नाहीत.

२३ फेब्रु.

हेडमास्तर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत, "काय हो, बायकोचे आकडे लिहिता म्हणे? महिन्यातून चार दिवस?" हशा. माझं डोकं तापलं. म्हटलं, "हो. आणि तुमचा निकालाचा तक्ता लिहितो त्याहून नीट लिहितो." तेवढ्यात घंटा झाली म्हणून निभावलं.

जूनपासून साहाय्यक मुख्याध्यापक मीच, असं हेच गृहस्थ दिवाळीत म्हणाले होते. आता बघू.

९ मार्च

पलीकडच्या वाडीतली काकू आईला म्हणाली, पाळणा नाही हलला, पण पोथी केवढी झाली. सु. चुलीपाशी होती. ऐकलंच.

आई उसळली. "तुज्या घरात पाच पाळने हलले, एकाला तरी सही करता येते?" काकू गेली. आई रडली. सु. नाही.

कुणाला सांगत नाही ते इथे लिहितो. दर महिन्याला मी तो थर्मामीटर उचलला की घरात सगळ्यांना कळायचं की या महिन्यातही नाही. प्रबंधाच्या शेवटच्या तक्त्यांत मी घेतलेल्या नोंदींपुढे तिने बारीक खूण केली आहे. लोकांना ती शास्त्राची खूण. आम्हा दोघांना ती किती वेळा वाचावी लागली. तिने एकही खूण गाळली नाही. अशी बाई माझी आहे, याचा मला जो अभिमान वाटतो तो बोलून दाखवता येत नाही.

१९ एप्रिल

तोंडी परीक्षा झाली. पास! परीक्षकांनी त्या वाक्याबद्दल काहीच विचारलं नाही. सर म्हणाले, वाचलं नसेल. सु. म्हणाली, वाचलं असेल, विचारायची लाज वाटली असेल.

डॉ. सौ. सुमती. वहीच्या मागे चारपाच वेळा लिहून पाहिलं. 'डॉ.' आधी की 'सौ.' आधी, यावर आई आणि बाबांचं भांडण.

३ मे

कॉलेजने जागा देऊ केली. पंधरवड्यात कळवायचं. दक्षिणेच्या केंद्राची मुलाखत बारा तारखेला मुंबईत. सु.ने कॉलेजला थांबा म्हणून कळवलं. मी म्हटलं, हातातली सोडून... तिने नुसतं पाहिलं.

रोज संध्याकाळी ओटीवर तालीम. मी समिती. इंग्रजी प्रश्न विचारतो, ती माझं व्याकरण सुधारते आणि मग उत्तर देते.

१२ मे

मुलाखत. परत आली ती थकलेली, पण डोळे चमकत होते. ओटीवर बसून सगळं सांगितलं. आई पुढ्यात, बाबा दाराआड. (आपण ऐकत नाही असं त्यांना दाखवायचं असतं.)

पाच पुरुष. अध्यक्ष दक्षिणेकडचे, वयस्कर. त्यांनी ते पान उघडूनच ठेवलं होतं. पहिलाच प्रश्न:

"सगळी निरीक्षणं तुमची स्वतःची?"

"नाही. महिन्यातले चार दिवस माझ्या पतींची."

"का?"

सांगितलं म्हणे. सरळ. एक जण छताकडे बघायला लागला, एकाने पाणी मागवलं. अध्यक्ष मात्र ऐकत होते. विचारलं, "मग त्यांचे आकडे कशावरून खरे?"

"पहिल्या दोन महिन्यांत इतर दिवशी आम्ही दोघांनी वेगवेगळी निरीक्षणं घेऊन ताडून पाहिली. त्यांची नजर थर्मामीटरवर वरून पडते, म्हणून आकडा थोडा चढा येतो. ते वजा केलं आहे. परिशिष्टात दिलंय."

म्हणजे पाच माणसांपुढे माझी मान वाकडी ठरली. आई हसून हसून लोळायची राहिली. मला दोन वर्षांत हिने हे सांगितलं नव्हतं! विचारलं तर म्हणते, "सांगितलं असतं तर तुम्ही सुधारला असता, आणि मग सगळे आकडे बिघडले असते."

मग अध्यक्षांनी मुद्द्याचं विचारलं. "आमच्याकडच्या मळ्यांतही हीच रीत आहे, कदाचित जास्तच कडक. तिथे यजमान नसतील. मग?"

तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवतो: "तिथल्या लोकांची रीत मोडायला मी येत नाही, आणि माझं काम अर्धवट ठेवायलाही येत नाही. मला मदतनीस द्या. आणि तो जे काम करील ते त्याच्या नावाने छापा, आजारपणाच्या नावाने नको."

अध्यक्षांनी प्रबंध मिटला. "कळवू."

बाबा दाराआडून बाहेर आले. मला वाटलं आता फुटणार. घरातली, तीही असली गोष्ट, मुंबईत परक्या पुरुषांसमोर. उभेच राहिले. मग म्हणाले, "रीत मोडाला येत नाय, असं बोलली?"

"हो मामंजी."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. बाबा वाडीकडे गेले.

१६ मे

कॉलेजला नकार कळवला. दक्षिणेचं काहीच ठरलेलं नसताना. सर चिडले, मग म्हणाले, तुझी योजना, तुझी जोखीम. मी आतून हादरलो आहे. वरून मात्र सगळ्यांना सांगत फिरतो की आम्ही विचारपूर्वक केलंय. 'आम्ही'!

२ जून

कळलं. फेलोशिप मिळाली! जुलैत हजर व्हायचं. मदतनीसही मंजूर, आणि त्याची निवड डॉक्टरबाईंनी स्वतः करायची.

आई देवापाशी. मी शाळेतून पळत आलो, धोतराचा सोगा सुटलेला. सु. मात्र वेलीपाशी उभी होती, एकटी. मला बघून रडली. काकू बोलली तेव्हा रडली नाही, परीक्षेत नाही, आणि आज. "झालं हो," एवढंच म्हणाली.

आजच हेडमास्तरांनीही बोलावलं होतं. साहाय्यक मुख्याध्यापक, पंधरा जूनपासून. तेही झालं. ते मी घरी आल्यावर सांगायचंच विसरलो.

३ जून

जेवताना विषय मदतनिसाचा. तिथल्या केंद्रातून एखादा मुलगा घ्यावा लागेल, शिकवावा लागेल, त्यातच पावसाळा जाईल, असं सु. म्हणत होती.

बाबा म्हणाले, "शोदाचा कोनाला? हा हाय ना घरातच तयार केलेला."

आई म्हणाली, "अवं, आन त्याची शाला?"

"शालंला मास्तर मिलल. हिला असा मानूस कटे मिलल?"

"आणि तुम्ही दोघं? वाडी?" मी.

"मी मेलो काय?" बाबा. आणि भात मागितला.

सु. मान खाली घालून जेवत होती. माझ्याकडे बघितलंच नाही. तिने मला कधीच विचारलं नसतं, हे मला माहीत आहे. साहाय्यक मुख्याध्यापकाचं तिला आज सकाळीच कळलंय.

५ जून

दोन दिवस डोक्यात तेच. हेडमास्तर काय म्हणतील ते ऐकूच येतं. बायकोच्या हाताखाली. गावात नाव काय पडेल ते निराळं. पण खरं विचारलं तर, दोन वर्षं शाळेत शिकवलेलं मला फारसं आठवत नाही, आणि त्या चार-चार दिवसांतली प्रत्येक सकाळ आठवते.

आज संध्याकाळी वाडीच्या कुंपणापाशी तिला म्हटलं, "मदतनिसाच्या जागेसाठी माझा अर्ज समजावा."

तिने वळून पाहिलं. थट्टा करतोय का ते बघत होती. मी करत नव्हतो.

"शाळा?"

"सोडतो."

"चिडाल. महिन्याभरात चिडाल. मी तिथे कामात चूक काढीन, रोज काढीन."

"काढ."

मग म्हणाली, "विचार करून सांगते. नवरा म्हणून नाही, कामाला माणूस म्हणून विचार करावा लागेल."

अजून सांगितलेलं नाही. पंधरा तारखेच्या आत शाळेला कळवायचं आहे, तरी घाई कर म्हणायचा धीर होत नाही. लग्नाच्या वेळी सगळं मोठ्यांनीच ठरवलं होतं. ना तिला कुणी विचारलं, ना मला. आज पहिल्यांदा तिच्या होकाराची वाट बघतो आहे.