दुसरी आणू

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. मागच्या खोलीतला नळ गळायचा थांबला. तुझं तिकडचं काम कसं चाललंय? पत्रात आधी खुशाली, मग मुद्दा, हे मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर तूच शिकवलंस, म्हणून एवढं लिहिलं. खुशाली संपली.

ठिपकी जगली. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तिने खाणं सोडलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. (हस हवं तर. पालीबद्दल दुसरं काय चुकचुकणार?) काचेच्या पेटीचा कोपरा ती सारखी उकरत होती आणि पोटाच्या पातळ कातडीखाली दोन अंडी सरळ दिसत होती. फोनवर तू म्हणालास, "घरात नर नाही तर अंडी कुठून येतील? तुझं आपलं काहीतरीच." नराशिवायही पाली अंडी धरतात, दादा. मी वाचून खात्री केली, मग डब्यात ओली माती भरून तिला जागा करून दिली. एक अंडं आलं. दुसरं अडकलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला कोमट पाण्यात ठेवलं, इंजेक्शन दिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी म्हणाल्या, "ऑपरेशन केलं नाही तर ही जायची. मालकांना विचारा." दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी तुला फोन लावला. तू हसलास.

"पालीचं ऑपरेशन? लोक वेड्यात काढतील आपल्याला. जाऊ दे गं, दुसरी आणू."

तू फोन ठेवलास.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. वहिनीचं मूल दुसऱ्यांदा पोटातच गेलं, ती दवाखान्यात होती, आणि तुला जेवायला वाढताना आई म्हणाली, "अजून किती वाट बघायची?" तू असाच हसलास आणि हेच म्हणालास. चेष्टेत, मला माहीत आहे. आई हसली नाही. तिने ते मनावर घेतलं. वहिनी विश्रांतीला माहेरी गेली ती गेलीच. विचारणाऱ्यांना आपण अजून विश्रांतीच सांगतो. कसली रे एवढी विश्रांती?

ठिपकी आणली होती वहिनीने. मालक म्हणून तुझं नाव सांगायची आपल्याला नुसती सवय. म्हणून मी खऱ्या मालकिणीला फोन केला. ती कामावरून तशीच आली, गळ्यात ओळखपत्र. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "करा." मग बाकावर बसल्यावर मला विचारलं, "तो काय म्हणाला?"

मला खोटं बोलता येत नाही. तेही तुझंच शिकवणं. सांगितलं.

"निदान वाक्य तरी दुसरं आणायचं," वहिनी म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. इतके महिने.

ठिपकीचं अंडाशय काढावं लागलं. तिला यापुढे अंडी होणार नाहीत. तरी ती आहे ती ठिपकीच, आणि कालपासून खायला लागली आहे.

हे पत्र मी वहिनीच्या माहेरी, तिच्या खोलीत बसून लिहिते आहे. पेटी खिडकीपाशी ठेवली आहे, ती इथेच राहील. मी सोमवारी घरी जाईन आणि आईशीही बोलेन. तुला वहिनीशी बोलायचं असेल तर स्वतः ये. आल्यावर आधी मुद्दा सांग, खुशाली नंतर.

शेवटी 'तुझी आज्ञाधारक' लिहायचं, असं तू शिकवलं होतंस. या पत्रात ते बसत नाही.

वहिनीची नणंद