चारू नावाची सवत

१० नोव्हेंबर, सोमवार

हे दवाखान्यातून घरी आले. टायफॉइडने पार वाळलेत. सकाळी तांदळाची पेज केली, दोन घोट घेऊन वाटी सारली. दुपारी मुगाचं वरण, मऊ भात. "मना नको." बळजबरी केली तर भिंतीकडे तोंड.

संध्याकाळी बालवाडीच्या मीटिंगहून आले तर हे ताटावर बसलेले आणि भात भुरकतायत. भुरकतायत! सुनेने चारू केलं होतं. चिंचेचं पाणी, मिरी, जिरं, वर लसणीची फोडणी. लावण्याच्या माहेरी, पद्मानगरात, तेलुगू घरांत ते रोजचंच. ताप आला की चारू, पाऊस पडला की चारू, काही नसलं तरी चारू.

आनंद व्हायला हवा होता. माणूस जेवला. झाला पण. पण टोप मीच घासायला घेतला आणि तळाशी उरलेलं ओतून दिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, हळू बोलणं जमतच नाही. आज दुपारी बाहेरच्या खोलीतून आरोळी, "चारूऽ! चारू कुठं हाय? आज चारू न्हाय काय?" शेजारच्या कमलताई दारात येऊन उभ्या. "वहिनी, ही चारू कोण?"

म्हटलं, "माझी सवत."

दोघी हसल्या. लावण्या तर पोट धरून हसली, सहावा लागलाय तिला, म्हटलं सांभाळ. ती 'ते चारू' म्हणते. मी आता 'ती' म्हणणार.

खरं सांगायचं तर मी तेवढी हसले नाही. लग्न होऊन खारबावहून इकडे कामतघरला आले तेव्हापासून ह्या माणसाला माझ्या हातचंच लागतं. ताप आला तरी माझं कालवण मागायचे, डॉक्टरला चोरून. आता जिभेला चव नाही म्हणतात. चव आहे की. माझी नाही एवढंच.

२३ नोव्हेंबर, रविवार

लावण्याची आजी गावाहून पद्मानगरात आलीय, ह्यांना बघायला घरी आणली. मराठी एक अक्षर येत नाही. ही तीच बाई. आमच्या किरणचं लग्न ठरलं तेव्हा मी वडे-मटण केलं होतं, दिवसभर चुलीपुढे. जेवून हात धुतला आणि मान डोलवत म्हणाली, "चला, बासुंदी." मटणाबद्दल चकार शब्द नाही. लगेच बासुंदी! किरणला पळवला होता मिठाईच्या दुकानात. म्हातारीने खाल्ली गुपचूप. तेव्हापासून मी हे मनात धरून होते, कोणाला बोलले नाही.

आज तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण केलं. म्हातारीने बोटं चाटली आणि परत तेच. "चला, बासुंदी!" मी किरणला म्हटलं, "जा, आण."

लावण्या म्हणाली, "अत्तम्मा, बासुंदी कशाला?"

"तुझी आजी मागतेय ना."

ती आधी बघतच राहिली, मग खाली बसली हसत. 'चाला बागुंदी' म्हणे. तेलुगूत, 'फार छान झालंय'.

किरणला विचारलं, तुला तेव्हाच कळलं नाही? तर म्हणतो, "मला वाटलं तुला हौस हाय बासुंदी खिलवायची."

म्हातारीचा हात धरला, दुसऱ्यांदा वाढलं. तिने खाल्लं. आनंद झाला, आणि थोडं चुकल्यासारखंही. इतका जपून ठेवलेला राग, फुकट गेला.

३ जानेवारी, शनिवार

लावण्या बाळंतपणाला माहेरी. माहेर म्हणजे रिक्षाने जरा पलीकडे, पण गेली ती गेली. घर एकदम रिकामं. ह्यांचा चेहरा उतरलाय. मला विचारतात, "आता चारूचं कसं?" सून गेल्याचं दुःख नाही, चारूचं!

जाण्यापूर्वी तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता कृती सांगितली. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं. मसाल्याची बाटली भरून ठेवली. "सोप्पं आहे अत्तम्मा, काही नाही त्यात." काही नाही कसं. ज्यात काही नाही त्याच्यासाठी माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो?

५ जानेवारी, सोमवार

केली. चिंच, टोमॅटो, तिच्या बाटलीतला मसाला, सगळं तसंच. चांगली खळखळ उकळली, कच्चं राहायला नको म्हणून. घरभर वास.

ह्यांनी एक भुरका घेतला. थांबले. "चांगली हाय."

ह्या 'चांगली हाय'शी माझी जुनी ओळख आहे. म्हटलं, स्पष्ट बोला.

"चांगली हाय गो. पन ती न्हाय."

दुपारी लावण्याचा फोन. "अत्तम्मा, किरणच्या हाती डबा देऊ? अम्माने आत्ताच केलंय." मी म्हटलं, नको गं, जमतं मला. फोन ठेवल्यावर स्वतःचाच आवाज ऐकू आला, कसा गार होता.

एक गोष्ट तिने सांगितली नाही. नक्की. बाई सगळं सांगते आणि एक ठेवते. मी तिच्या जागी असते तर ठेवली असती.

९ जानेवारी, शुक्र.

परत. मिरी वाढवली. आणखी उकळली. कडू. ह्यांनी ताक मागितलं.

कमलताई विचारतात, "सवत काय म्हणते?" म्हटलं, माझ्या घरात नांदत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज गॅसने दगा दिला. चारू नुकतीच तापलेली, कडेने फेस वर येतोय, आणि शेगडी फुस्स. सिलिंडर संपला. दुसरा यायला संध्याकाळ. किरण राहनाळला गोडाऊनच्या ड्युटीवर. हे ताट घेऊन बसलेले. फोडणी आधीच करून बाजूला ठेवली होती. म्हटलं मरू दे, तशीच ओतली, झाकण ठेवलं, वाढलं. कच्ची तर कच्ची.

ह्यांनी भुरका घेतला. परत घेतला. मग मान वर करून दाराकडे बघितलं.

"लावण्या आली काय?"

मी म्हटलं, न्हाय. आणि वाटी भरली.

तर हे होतं. उकळायचीच नाही. फेस आला की उतरवायची. एवढीशी गोष्ट. आणि मी बारा दिवस खळखळ खळखळ करत बसले.

जिंकले म्हणायचं का हे? नवरा जेवला माझ्या हातचं, नाव निघालं तिचं. सांगू की नको, मी केली म्हणून? सांगितलं नाही. आज नाही.

लावण्या सांगायचं विसरली असेल की मुद्दाम ठेवलं असेल? तिला लहानपणापासूनची सवय. जे हाताला आपोआप येतं ते तोंडाने सांगायचं सुचत नाही म्हणा. असेल. पण असेल म्हणून झोप लागत नाही.

२८ जानेवारी, बुध.

विहीणबाईंचा फोन. लावण्याची आई. आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाल्या, "वो तुमची सून, खातच नाही काही. मटन केलं, आंबाडीची पप्पू, वो दाल, केलं, हात नहीं लगाती. बोलते, अत्तम्माच्या हातचे बोंबील पाहिजे."

मला इतका आनंद झाला की जीभ चावली. पोरगी त्यांची, घर त्यांचं, आणि डोहाळा माझ्या बोंबलांचा!

म्हटलं, "एवढंच ना? उद्या किरणच्या हाती डबा पाठवते."

"नको नको, डबा नको." लगेच. "कसं करायचं ते बोला ना. मी करते. जमतं मला."

तोच आवाज. गार. मी ओळखला. कशी नाही ओळखणार.

मग सांगितलं. ओले बोंबील ताजे बघून घ्या, साफ करून पाणी दाबून काढा, हळद-मीठ लावा. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून. चिंच थोडीच. झाकण ठेवा, शिजायला वेळ लागत नाही. त्या हो हो करत होत्या. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मनात म्हटलंसुद्धा, बघ, मी तुझ्या लेकीसारखी नाही.

ताट वाढायला उठले तेव्हा आठवलं. चमचा घालायचा नाही. ओल्या बोंबलांत चमचा फिरवला की गेलं, नुसता लगदा. टोप दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचा. हे मी कोणाला शिकवलं नाही, मलाही कोणी शिकवलं नाही, आईचे हात बघून आलं. विहीणबाई तर प्रत्येक गोष्ट डावाने ढवळतात, मी पाहिलंय.

ढवळतील. लगदा होईल. लावण्या एक घास घेईल आणि म्हणेल, चांगलं आहे अम्मा, पण ते नाही. मग डबा जाईल. माझा.

हे म्हणाले, "फोन घेऊन काय उभी हायस? वाढ ना." वाढलं.

विसरले होते, देवाशप्पथ. पण आता आठवलंय. बोंबील त्या उद्या सकाळी आणणार आहेत.