मध्यंतराचं दार

७ सप्टेंबर, शनिवार

कॉलेजची फुटबॉल मॅच हरलो. ते मरो! हरायची सवय आहे आपल्याला. माझं डोकं फिरलंय ते वेगळ्याच कारणाने.

तिकीट आता म्हणे फोनमध्ये. फाटकावरच्या पोरीने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतःच बोट फिरवलं आणि वर म्हणते, "घाबरू नका हं मॅडम!" घाबरतंय कोण? तू जन्मायच्या आधीपासून मी या फाटकातून आत जातेय, बाई! पिशवी पारदर्शक हवी. म्हणजे माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, दातांची डबी, सगळं गावाने बघून घ्यायचं. आत गेलं तर तो नवा, टीव्हीसारखा मोठा पडदा. आपल्या बँडची पोरं गाल फुगवून वाजवतायत आणि वरून टायरच्या दुकानाची जाहिरात एवढ्या मोठ्याने, की फिलिसला माझ्याशी खुणांनी बोलावं लागलं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून गावभरच्या गप्पा मारतोय, आज खुणा!

आणि बायकांची रांग. मध्यंतर झाल्याबरोबर उठले. परत येऊन बसले तेव्हा तिसरा क्वार्टर अर्धा संपला होता.

मायलो नेहमीप्रमाणे मध्यंतराला बाहेर. आत बियर मिळत नाही, म्हणून हा माझा दीर गाडीकडे पळतो. सत्तरी उलटली तरी! परत आला तर डोळे लाल. "किती झाल्या?" म्हटलं. "एकच गं," म्हणाला. एकीने डोळे असे होत नाहीत.

१० सप्टेंबर

गेले होते कॉलेजात, सरळ खेळ विभागाच्या संचालकाकडे. होलिंग्स नाव. पांढरे बूट, पांढरे दात. मी बोलत होते आणि तो मान हलवत होता. बोलून बोलून माझा घसा बसला, तेव्हा म्हणाला, "मिसेस वोंड्रा, ही तळमळच हवीये आम्हाला!" आणि मला समितीवर घेतलं. चाहत्यांचा सामन्याच्या दिवसाचा अनुभव सुधारण्यासाठीची समिती.

अनुभव! मला अनुभव नकोय, मला मॅच बघायचीय.

१७ सप्टेंबर

समितीची पहिली बैठक. शिकागोहून एक सल्लागार बाई आलेली. भिंतीवर चित्रं दाखवली. चित्रातले चाहते सगळे पंचविशीतले, सगळे हसणारे, एकाच्याही अंगावर जाकीट नाही. नोव्हेंबरात ये म्हणावं इथे!

म्हटलं, बायकांची स्वच्छतागृहं वाढवा. "छान मुद्दा," म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं.

मग तिने तीन सुधारणा सांगितल्या. एक, आणखी मोठे स्पीकर. दोन, मध्यंतराला बाहेर गेलेल्याला परत आत घ्यायचं नाही. लोक गाड्यांकडे जातात, तिथेच खात-पीत बसतात आणि टीव्हीवर बाकं रिकामी दिसतात म्हणे. आणि तीन— मैदानातलं गवत काढायचं. हा मोसम संपला की लगेच. कायमचं हिरवं प्लास्टिक.

मी काहीच बोलले नाही. मी! होलिंग्सला वाटलं असेल, पटलं बाईला. 

गवतात डेल्मर आहे.

१८ सप्टेंबर

हे कुठेही लिहिलेलं नाही, कोणाला सांगितलेलंही नाही. इथे लिहिते.

कॉलेजात असताना डेल्मर संघात होता. दक्षिणेकडच्या गोलखांबापाशी त्याने झेलायचा एक चेंडू सोडला— सरळ छातीवर आलेला चेंडू!— आणि आयोवावाले जिंकले. गावाने जन्मभर चिडवलं. दाढी करायला गेला तरी न्हावी विचारायचा, "वस्तरा धरू ना मीच? की तू धरतोस?" तोही हसायचा. शेवटी आजारात मला म्हणाला, "माझी राख तिथेच टाका. या वेळी सोडणार नाही ती जागा."

राख टाकायला परवानगी नाही. मागितली असती तर नाहीच मिळाली असती. माझं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, मी खाटेवर. मग मायलो एकटा गेला. मॅचनंतर पोराबाळांना मैदानात सोडतात, तेव्हा टाकतो म्हणाला. डेल्मरच्याच हिरव्या थर्मासमधून भावाला घेऊन गेला. संध्याकाळी परत आला, गुडघ्यांना माती, आणि माझ्या हातात गवताची चार पाती ठेवली. "झालं," म्हणाला. थर्मास मात्र तिकडेच विसरून आला, धांदरट!

ती पाती माझ्या बायबलमध्ये आहेत. या गोष्टीला सहा वर्षं झाली. प्रत्येक मॅचला बसले की आधी त्या खांबाकडे बघते. फिलिसला वाटतं मी देवाचं नाव घेते.

आणि हे लोक तिथे यंत्र फिरवणार. खरवडून ट्रकमध्ये भरणार आणि नेऊन टाकणार कुठे? कचऱ्यात? माझा नवरा?

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळी पार्किंगमध्ये, मायलोच्या गाडीमागे मॅचआधीचं खाणं. खिमा-राजम्याची चिली झकास झाली होती, दालचिनीचे रोल मात्र करपवले मी. लक्षच नव्हतं.

मायलोला सगळं सांगितलं. स्पीकर, दार, गवत. म्हटलं, "अरे, डेल्मरला उपटून टाकणार आहेत!" तो पातेल्यात डाव फिरवत राहिला. मग म्हणतो, "आणि दाराचं काय? मध्यंतराला खरंच सोडणार नाहीत परत?"

मी बघतच राहिले. सख्खा भाऊ! आणि याला बियरची पडलीय.

२ ऑक्टोबर

दुसरी बैठक. दीड तास बोलले. गवताचा वास, पावसाळी मॅचमधला चिखल, घसरलेल्या पोरांचे हिरवे गुडघे. प्लास्टिकवर हात भाजतात, पाय मुरगळतात. खरं कारण सोडून सगळी कारणं दिली. सल्लागार बाई म्हणाली, "भावना समजू शकते मी." काय समजतेस तू? कप्पाळ!

५ ऑक्टोबर

जिंकलो. मायलो मध्यंतराला बाहेर. परत आला, डोळे लाल. 

१४ ऑक्टोबर

होलिंग्सने एकटीला बोलावलं. कॉफी स्वतः ओतली. तेव्हाच ओळखलं, काहीतरी काढून घ्यायचंय.

"मिसेस वोंड्रा, विश्वस्तांना तिन्ही गोष्टी हव्यात. पण एखादी मी रद्द करून देऊ शकेन. फक्त मग बाकीच्या दोन्हींना जुन्या चाहत्यांचा पाठिंबा आहे, असं सभेत तुम्ही उभं राहून सांगायचं. तुमचं गावात ऐकतात."

"आणि बायकांची स्वच्छतागृहं?"

हसला. "तीनच गोष्टींबद्दल बोलू या."

म्हणजे मीच सांगायचं लोकांना, की कान फुटू देत आणि दार बंद होऊ दे! लाज नाही वाटत माणसाला. कॉफी तशीच ठेवून उठले. पण नाही म्हटलं नाही. तेही खरं.

१५ ऑक्टोबर

मायलोकडे गेले. म्हटलं, असं असं आहे. गवत वाचतं, दार जातं.

तो एवढा ओरडेल असं वाटलं नव्हतं. डेल्मर गेला तेव्हासुद्धा हा माणूस आवाज चढवून बोलला नव्हता.

"गवत जाऊ दे अर्लिस! गवताचं काय घेऊन बसलीस? दार राहू दे!"

"तुझा भाऊ आहे त्या गवतात!"

तो खाली बघून म्हणाला, "आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही मी. एवढं एक ऐक. दार सोडू नकोस."

"एक मॅच बियरशिवाय काढता येत नाही तुला? थू तुझ्या जिनगानीवर!" असं बोलले मी. बोलले ते बोलले. मागे घेणार नाही.

२४ ऑक्टोबर

विश्वस्तांची सभा. उभी राहिले. सांगितलं. स्पीकरला आमची हरकत नाही, दार बंद करायला आमची हरकत नाही, फक्त गवताला हात लावू नका. फिलिस शेवटच्या रांगेतून माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी कोणी दुसरीच बाई आहे. म्हातारेकोतारे कुजबुजायला लागले.

गवत राहिलं. एकमताने!

मायलो सभा संपायच्या आत उठून गेला. जाऊ दे. मी घरी येऊन बायबल उघडलं, पाती बघितली आणि पोटभर रडले. आनंदाने. वाचवलं रे तुला, डेल्मर.

२६ ऑक्टोबर

बाहेरगावची मॅच. रेडिओवर ऐकली. मायलो आला नाही. एकटीने चिली खाल्ली.

३० ऑक्टोबर

दुकानात टॉम क्रेचीने अडवलं. "काय अर्लिस, आमची शेगडी बंद केलीस म्हणे?" हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. मध्यंतराला गाडीमागे सॉसेज भाजायचा त्याच्या बापाचा रिवाज. चुकलंच माझं. पण काय सांगू त्याला? सांगण्यासारखं असतं तर सभेतच नसतं का सांगितलं!

९ नोव्हेंबर, शनिवार

दार बंद झाल्यानंतरची पहिली घरची मॅच. नवे स्पीकर. बाकाची फळी थरथरत होती, कॉफी कपातून सांडली. याला म्हणायचं सुधारलेला अनुभव!

मायलो आला, माझ्या शेजारी बसला, टोपी डोळ्यांवर ओढून. मध्यंतराची शिट्टी झाली तसा उठला.

म्हटलं, "अरे, परत घेणार नाहीत तुला."

"माहितेय."

"मॅच बरोबरीत आहे मायलो! आयोवावाल्यांशी!"

"माहितेय म्हटलं ना."

वरून बघत होते. फाटकावरची तीच पोरगी त्याला हात करून समजावत होती. हा टोपी काढून काहीतरी बोलला, विनवल्यासारखा. तिने मान हलवली. मग तो बाहेर गेला, आणि तिने त्याच्यामागे दार लावलं. अख्ख्या स्टेडियममधून बाहेर गेलेला तो एकटा. घरातली लग्नं, बारशी, मयतं झाली, पण या माणसाने आयोवाविरुद्धचा दुसरा हाफ कधी चुकवला नव्हता.

आणि जिंकलो! शेवटच्या सेकंदाला मारलेला चेंडू दक्षिणेकडच्या खांबांमधून पार! फिलिस माझ्या गळ्यात पडली, रुसवा विसरली. मी दुसऱ्या बाजूला वळले तर जागा रिकामी.

एवढा संताप आला, की त्याच्या गाडीकडे गेलेच नाही. फिलिसबरोबर घरी आले. बसू दे एकट्याला. उद्या चर्च सुटलं की जाते आणि अशी हजेरी घेते, की पुन्हा बाटलीकडे बघणार नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

मायलोची गाडी त्याच्या अंगणात होती. हा आत बसलेला. शेजारच्या सीटवर डेल्मरचा हिरवा थर्मास, त्याला सीटचा पट्टा लावलेला.

"राख घेऊन गेलो त्या दिवशी फाटकावर अडवलं," मायलो म्हणाला. "बाटल्या-थर्मासचा नियम तेव्हा नवीन होता. थर्मास चालणार नाही, म्हणाला तो पोरगा, डब्यात टाका नाहीतर परत न्या. कचऱ्याच्या डब्यात, अर्लिस! मी परत फिरलो. घाईत पार्किंगच्या कडेला पडलो. तिथलीच ती पाती. तू खाटेवर होतीस, तुला कसं सांगू? मग राहूनच गेलं. तो अजून यातच आहे."

"आणि मध्यंतराला?"

"त्याला स्कोर सांगायला जायचो. बियर नसायची गं."

सहा वर्षं मी पार्किंगमधलं गवत बायबलमध्ये जपलं! त्याला चार शिव्या घातल्या. मग पलीकडून दार उघडलं, थर्मास मांडीवर घेतला आणि बसले. तो म्हणाला, "कालचा शेवट त्याने ऐकला, रेडिओवर."

उद्या सकाळी होलिंग्सकडे जातेय. म्हणणार, ने तुझं गवत. उपट, प्लास्टिक घाल, हवं तर जांभळ्या रंगाचं घाल! सभेत उभी राहून सांगेन, चुकले म्हणून. पण ते दार उघड. मध्यंतराला आता आम्हा दोघांना बाहेर जायचंय.