केळुसकरसाहेबांचे पाच सिनेमे, शेवटून पहिल्यापर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

कालिंदीताईंचा फोन. विश्राम केळुसकर पंच्याहत्तर वर्षांचे झाले म्हणे. म्हणजे मी त्यांच्यावर रागावले त्याला पंधरा झाली.

दादरचं कालिंदीताईंचं संगीतरसिक मंडळ बावीस तारखेला सत्कार करणार. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि ज्यांनी साहेबांचं एक गाणं धड ऐकलेलं नाही अशा चार जणांची भाषणं. त्यात बाईंना 'काहीतरी हलकंफुलकं' हवंय. 'मृणालिनीताई, तुम्ही चोवीस वर्षं त्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलंत ना, मग त्यांचे आत्ताचे पाच सिनेमे घ्या आणि पार्श्वसंगीताला क्रमांक लावा. पाचवा, चौथा करत पहिल्यावर या. लोकांना आवडतं हल्ली असलं. साहेब पुढच्याच रांगेत असतील.'

साहेब पुढच्याच रांगेत! मी हो म्हटलं. इतक्या पटकन की बाईंनाच संशय आला.

भांडण झालं असतं तरी चाललं असतं. दोन हजार दहा साली एका सिनेमाला बोलावणं आलं नाही. मग दुसऱ्यालाही नाही. मग कळलं, साहेबांनी मशीन घेतलं. एक बटण दाबलं की सोळा व्हायोलिनं वाजतात, आणि एकही चहा मागत नाही. चोवीस वर्षांनंतर एक फोन नाही. 'बाई, आता थांबू या' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तेव्हा विचारायचं राहून गेलं. आता सगळ्यांसमोर विचारीन, क्रमांक लावून.

५ नोव्हेंबर, बुधवार

'तलवारीचा शब्द'. दोन तास चाळीस मिनिटं. ढोल, त्यावर ढोल, आणि कमी पडलं म्हणून पन्नास माणसांचं 'हाऽऽ'. नायक घोड्यावर बसला — ढोल. उतरला — ढोल. आईच्या पाया पडला — हळू ढोल. एके ठिकाणी तो नुसतं ताक पितो, तिथेही साहेबांना राहवलेलं नाही. शेजारच्या शेवंतीने दार वाजवून विचारलं, खाली मिरवणूक आलीये का.

हे सोबत बसले होते. गोदीतून निवृत्त झाल्यापासून मी जे लावीन ते हे पाहतात आणि मध्यंतराच्या आत झोपतात. आज झोपले नाहीत. ढोलांचा तेवढा एक उपयोग.

दहापैकी तीन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

'वरातीत हरवला नवरा'. विनोदी आहे. विनोदी आहे हे ट्रंपेट सांगतो. कोणी घसरून पडलं की ट्रंपेट, पडता पडता वाचलं की अर्धा ट्रंपेट. मधे एक चाल आली आणि मी ताठ बसले. ही तर आम्ही अठ्ठ्याण्णव साली वाजवलेली! साहेबांनी साहेबांचीच चाल ढापली. तक्रार करायची तर कोणाकडे?

चार. त्यातला एक गुण जुन्या चालीला.

८ नोव्हेंबर, शनिवार

'धुरळ्याची शपथ' पाहिला. डोकं दुखतंय. सविस्तर उद्या.

९ नोव्हेंबर, रविवार

उद्या आलं. सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. सव्वातीन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लालबागहून लवू आला होता. तो ढोलकीवर आणि मी व्हायोलिनवर, दोघं एकाच आठवड्यात साहेबांकडे लागलो आणि एकाच आठवड्यात सुटलो. त्याला माझे ढोलाबद्दलचे परिच्छेद वाचून दाखवले. खो खो हसला. 'लिही गो, लिही. त्येका कळांदेत. आमका तर कोणी इचारलेल्यान नाय.'

मग म्हणाला, 'तुका म्हायती हा, स्टुडिओ बंद झालो तेव्हा साहेबान काय नेल्यान? पियानो नाय, माइक नाय. जुने स्पूल! रेकॉर्डिंगाचे. दोन गोणी. मीच टॅक्सीत भरून दिलंय. इचारलंय, ह्या भंगार कित्याक? तर म्हणाले, आवाज आसत रे त्येच्यात. मी म्हटलंय, आवाज आमचे आसत, तर आमकाच न्हेवा की!'

'मग काय म्हणाले?'

'काय म्हणतले? टॅक्सी गेली.'

माणसं वाटेला लावली आणि फिती घरी नेल्या. काय म्हणावं या म्हाताऱ्याला! जाताना लवू म्हणाला, 'मी येतलंय बावीस तारखेक. फुडे बसान टाळ्यो मारतलंय.' बरं वाटलं. खूपच बरं वाटलं, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सापडला पाचवा क्रमांक!

'कपाट आवरताना'. एक बाई, नवरा नुकताच गेलेला, दुपारभर त्याचं कपाट आवरते. बाकी काही घडत नाही. नटी चांगली आहे. तिने लग्नातला शालू बाहेर काढला की व्हायोलिन सुरू होतं. एकटंच, मागे काही नाही. सिनेमाभर तेच चार तुकडे फिरून फिरून येतात.

मशीनचं व्हायोलिन! मला कान आहेत. पस्तीस वर्षं ते लाकूड हनुवटीखाली धरलंय. गज तारेवर टेकताना अडखळतो. वरच्या गंधारावर जाताना सूर किंचित खाली राहतो. मशीनला खरं तर बेसूर व्हायचं कारणच नाही, तरी झालं, याला म्हणतात कर्तृत्व. कॉम्प्युटरवाल्यांनी मुद्दाम केलं असणार, माणूस वाटावं म्हणून. आणि त्याच गंधाराच्या मागे कसली तरी बारीक किण्. प्रत्येक वेळी. मशीनला पैंजण घातलेत की काय?

आमच्या वेळी रेकॉर्डिस्ट बायकांना आधी बांगड्या उतरवायला लावायचा. ज्यांच्या उतरत नसत त्यांना त्यावर घट्ट रुमाल बांधावा लागे. एक किण् झाली की टेक बाद, आणि साठ माणसं पुन्हा पहिल्यापासून. साठजण त्या एकीकडे बघत. आता मशीन किणकिणतं आणि कोणी चकार शब्द काढत नाही.

निर्जीव. चार गुण, त्यातून किणकिणीचे उणे दोन. राहिले दोन.

सिनेमा संपला तर हे जागे! म्हणाले, 'मृणाल, ते व्हायोलिन पुन्हा लाव ना.'

मी विचारलं, 'का?'

'काय माहीत. बरं वाटलं.'

संसाराला सदतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ह्यांनी पुन्हा लाव म्हटलं ते फक्त क्रिकेटला. माझ्या रेकॉर्डिंगला एकदाही आले नाहीत, आणि बरं वाटलं म्हणे, मशीन! मी टीव्ही बंद केला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे सकाळपासून काहीतरी गुणगुणताहेत. तेच. गंधार ह्यांचाही खाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचा पाहिला. 'तिसऱ्या मजल्यावरची खोली'. भुताचा. पण काय सांगू, अप्रतिम! पाऊण सिनेमात संगीतच नाही. नळ ठिबकतो, पंखा फिरतो, कोणीतरी जिना चढतं. साहेबांनी हात आखडता घेतलाय आणि माणूस खुर्चीला खिळतो. पहिला क्रमांक हाच. वाचताना म्हणेन, 'साहेबांनी जिथे काहीच केलं नाही, तिथे ते सर्वोत्तम आहेत.' आठ गुण.

उतरंड अशी. पाच, कपाट. चार, तलवार. तीन, धुरळा. दोन, वरात. एक, खोली. पाच सिनेमे मिळून वीस आणि पाव गुण. पन्नासपैकी. नापास.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कालिंदीताईंना मजकूर पाठवला होता. लगेच फोन. 'सुरेख हो! फक्त पाचव्या नंबरचं जरा मऊ करता येईल का? "निर्जीव" वगैरे. वाढदिवस आहे.'

बाकी ढोलांबद्दल बाईंना काही वाटलं नाही. मी म्हटलं, एक शब्द बदलणार नाही. हवं तर कोणाकडून आरती म्हणून घ्या. त्या घाईघाईने म्हणाल्या, 'नाही नाही, तुम्हीच या. पोस्टर छापून झालंय.'

ह्यांना विचारलं, जास्त होतंय का? हे म्हणाले, 'तुला राग आहे ना? मग होऊ दे जास्त.' आणि थोड्या वेळाने, 'पण पाचवा नसता लावला मी त्याला.'

ह्यांचं मत मागवलं कोणी?

२२ नोव्हेंबर, शनिवार

झालं!

हॉल भरला होता. साहेब पुढच्या रांगेत, पांढरा झब्बा, हातात काठी. इतके वाळलेत की क्षणभर वाटलं, वाचू नये. मग पंधरा वर्षं आठवली आणि चष्मा लावला.

वरून खाली यायचं नाही, खालून वर जायचं, म्हणून सुरुवातच कपाटापासून. 'मशीनला पैंजण' म्हटलं तेव्हा पहिला हशा. 'निर्जीव' म्हटलं, मग उणे दोन जाहीर केले, आणि लवूने शिट्टी मारली. या वयात! ताक पिताना ढोल, यावर तर लोक खुर्च्या बडवायला लागले. साहेबसुद्धा हसत होते. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलत होते.

नंतर चहाच्या टेबलाशी स्वतःच आले. मी तयारच होते. पंधरा वर्षं पाठ केलेली वाक्यं होती माझ्याकडे.

म्हणाले, 'छान वाचलंत बाई. सगळं खरं आहे. ते ढोल मलाच सहन होत नाहीत.' काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. 'ती किणकिण मात्र आमचे कॉम्प्युटरवाले पुसायला निघाले होते. मीच ठेवायला लावली.'

'का?'

'वाटलं होतं, तुम्ही तरी ओळखाल.'

एवढ्यात फोटोवाल्यांनी त्यांना ओढून नेलं. माझी वाक्यं तशीच राहिली.

टाळ्या मला जास्त पडल्या, मानपत्रापेक्षाही. तरी घरी येऊन जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

काय ओळखायचं? पंधरा वर्षांत फोन नाही आणि आता कोडी घालतात!

लवूला फोन केला. तो म्हणाला, 'आयकलंय मी काल थयसर. साहेब जुने स्पूलच घालतत म्हणे आता मशीनीत. जुन्या माणसांचे आवाज कापून, जोडून.'

म्हणजे मशीन नव्हे. आमच्यातलाच कोणीतरी. मग सोपं आहे! अडखळता गज आणि खाली गंधार म्हणजे देवस्थळी, दुसरं कोण? माझ्या शेजारी बसायचे, जाऊन नऊ वर्षं झाली. खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन वाजवायला बसत, दहादा सांगितलं तरी. किण् म्हणजे तोच जुडगा.

तर साहेबांनी देवस्थळींना जपून ठेवलंय. इतक्या वादकांतून देवस्थळी! निदान वाजवणारा तरी धड निवडायचा. उणे दोन बरोबरच होते. उद्या पुन्हा एकदा लावून खात्री करते आणि साहेबांना तसं कळवते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी लावलं. हे दाढी करत होते. मी म्हटलं, नीट ऐका, ही किण् आली बघा, या देवस्थळींच्या किल्ल्या.

हे आरशातूनच म्हणाले, 'किल्ल्या कसल्या? तुझा चुडा आहे तो. सव्वा महिना ऐकलाय मी या खोलीत.'

हिरवा चुडा. सव्वा महिना उतरवायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. लग्नानंतरचं पहिलं रेकॉर्डिंग, माझा पहिला सोलो, चुड्यावर रुमाल बांधून बसले होते. वरच्या गंधाराला रुमाल सुटला. साठजण माझ्याकडे बघत होते. साहेब काचेपलीकडून म्हणाले, 'बाद.'

तो टेक त्यांनी ठेवला. सदतीस वर्षं.

मागची पानं उलटून पाहिली. पाचवा क्रमांक. निर्जीव. किणकिणीचे उणे दोन. सगळं माझ्याच अक्षरात आहे.