अठरा जूनची बस

शनिवार, ४ मे १९८५. फ्रीमाँट.

टूर कंपनीचं पत्र आलं. ग्रँड कॅनियनचा दर वाढवला. बुकिंग एप्रिलातलं, पैसे पूर्ण भरलेले, पावती माझ्या बॅगेत. आता म्हणे डिझेल महागलं, हॉटेलं महागली, तेव्हा माणशी अमुक आणखी पाठवा. शिवाय तारीखही बदललेली, अठरा जूनऐवजी वीस. वर 'वुई रिग्रेट'. रिग्रेट कसलं डोंबलाचं.

जन्मभर बांधकाम खात्यात टेंडरं उघडली. टेंडर उघडल्यावर दर वाढवून मागणारा ठेकेदार आमच्याकडे काळ्या यादीत जायचा. इथे तोच इसम गुळगुळीत रंगीत कागदावर पत्र पाठवतो.

सौ.ला वाचून दाखवलं. ती चकल्या पाडत होती. "बरं," म्हणाली. यात बरं काय आहे?

रविवार, ५ मे

झोप नीट नाही. बी.पी.ची गोळी घेतली.

निघताना परकीय चलनाच्या नियमाप्रमाणे सरकारने हातावर टेकवलेले मोजके डॉलर इथे उतरल्यापासून मोडले नव्हते, ते याचसाठी. श्रीच्या घरात राहतो, त्याच्या गाडीतून हिंडतो, पायातले बूटसुद्धा त्यानेच घेतलेले. पोरगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, तो मुद्दा नाही. एक गोष्ट माझ्या पैशाने व्हायची होती. सौ.ने साताऱ्याच्या कन्याशाळेत उभा जन्म भूगोल शिकवला. कोलोरॅडो नदी आणि तिने कापलेली ती घळ दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूने काढायची. पाहिली कधीच नाही. ती मी दाखवायची असं ठरलं होतं. पैसे काठोकाठ पुरत होते. आता पुरत नाहीत.

मंगळवार, ७ मे

कंपनीला फो. केला. आधी वाजंत्री ऐकवतात. मग डेब्रा नावाची बाई. गोड बोलते. मी म्हटलं, करार झाल्यावर दर बदलता येत नाही. ती म्हणाली, "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन, सर." अंडरस्टँड करते तर कमी कर ना बाई. ते तिच्या हातात नाही. कोणाच्या हातात आहे तेही तिला माहीत नाही. आमच्या खात्यात निदान साहेबाचं नाव तरी सांगायचे.

कॅन्सल केलं तर भरलेल्यातले बरेचसे कापून घेणार. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

रात्री जेवताना श्री म्हणाला, "बाबा, कशाला एवढा त्रास करून घेता? मी चेक लिहितो, विषय संपला." मी म्हटलं विषय तिथूनच सुरू होतो. त्याला समजलं नाही. सुनेला, मेधाला, समजलं असावं, तिने आमटी वाढली आणि विषय बदलला.

शनिवार, ११ मे

श्रीने ऑफिसात नेलं. डोनटच्या दुकानाशेजारी एक गाळा, काचेवर कॅनियनचं चित्र. डेब्रा प्रत्यक्षात साठीची निघाली. मी पावती टेबलावर ठेवली, बोट ठेवून आकडा दाखवला. तिने माहितीपत्रक उलटं केलं आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ दाखवली: दर बदलण्याचा हक्क राखून ठेवलेला आहे. मी म्हटलं, मग हा दर नव्हे, हा अंदाज आहे, तसं वरती मोठ्या अक्षरात लिहा.

आवाज थोडा चढला असेल. श्री दारापाशी जाऊन गाडीच्या किल्ल्या वाजवत उभा. परतताना फ्रीवेवर म्हणाला, "डॅड, पीपल डोंट डू दॅट हिअर." घरी तो मला बाबा म्हणतो. चिडला की डॅड.

बुधवार, १५ मे

कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. संदर्भ, विषय, मुद्दे. मेधाने ऑफिसात टाईप करून आणलं. चांगली टाईप करते. तिने 'घोर विश्वासघात' हे शब्द गाळले. विचारलं तर म्हणाली, "बाबा, इंग्रजीत ते फार होतं."

सौ. सकाळपासून पुन्हा चकल्यांत. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांच्या ऑर्डरी. स्मोक अलार्म दोनदा बोंबलला, टॉवेल हलवायला मी. या वयात फुकटची हमाली कशाला करते कोण जाणे. म्हटलं तसं. तिने पुढची चकली तेलात सोडली.

शनिवार, १८ मे

पार्कात बापूसाहेब भेटले. नागपूरचे, मुलीकडे आलेत. त्यांनी आणि वहिनींनी याच कंपनीची, हीच सहल घेतलीय. आमच्याच आठवड्यात बुकिंग केलेलं. मी कंपनीचा उद्धार करत होतो, ते शेंगा सोलत ऐकत होते. मग म्हणाले, "पण भाऊसाहेब, आमचं तर काही नाही वाढलं बा."

मला वाटलं थट्टा करताहेत. नाही. त्यांना पत्र आलं होतं, पण त्यात लिहिलं होतं की दर वाढलेत, तुमचं बुकिंग जुनं म्हणून तुम्हाला जुनाच दर. तारीखही अठराच.

म्हणजे एकाला एक न्याय नि दुसऱ्याला दुसरा. बापूसाहेब म्हणाले, "तुम्ही काही बोलून तर नाही ना बसले त्यांना?" बोललो ते पत्र आल्यावर. त्याआधी मी कशाला बोलेन?

सोमवार, २० मे

डेब्राला फो. बापूसाहेबांचं प्रकरण पुढे केलं. म्हटलं हा उघड पक्षपात आहे. ती कागद चाळत राहिली, मग म्हणाली, "सर, तुमचंही बुकिंग जुनंच होतं. तुमच्याच घरून फोन आला, तारीख अठराची वीस करा म्हणून. तारीख बदलली की बुकिंग नवं धरतात. नव्याला नवा दर."

मी म्हटलं, माझ्या घरून असा फो. जाणं अशक्य आहे.

ती म्हणाली, एका लेडीने केला होता. व्हेरी पोलाइट.

सोमवार, रात्री

मेधाला विचारलं. बिचारी कावरीबावरी झाली. "आईंनी सांगितलं म्हणून केला. मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलंय."

सौ. पोळ्या लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "अठराला अमावास्या आहे. अमावास्येला घरातून निघायचं नसतं."



या बाईने वर्गात एका मुलीच्या हातात कंदील, दुसरीच्या हातात चेंडू देऊन अमावास्या म्हणजे काय ते शिकवलं. चंद्र मध्ये येतो, बाकी काही नाही, हे तिचं वाक्य. श्रीलासुद्धा तसंच शिकवलंय. आणि प्रवासाचा प्रश्न आला की कंदील गेला, चेंडू गेला, राहिली ती साताऱ्याची सासू.

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

नसतोच म्हणालो.

मंगळवार, २१ मे

डेब्राला सांगितलं, चूक झाली, पुन्हा अठरा करा. अठरा भरली. आमच्या रिकाम्या झालेल्या दोन जागा कोणी घेतल्या असतील? बापूसाहेबांच्या साडूंनी. बापूसाहेबांनीच फो. करून आनंदाने कळवलं. कपाळ माझं.

सौ.शी कामापुरतं बोलणं. तिचं म्हणणं, श्रीकडून घ्या, इंडियात त्याला परत द्या. माझं म्हणणं, नाही. ती म्हणाली, "तुमचा ताठा तुमच्यापाशी. नदी माझी बुडतेय."

हे वाक्य दिवसभर कानात आहे.

शनिवार, २५ मे

आज एक गोष्ट लक्षात आली.

पुण्याहून आणलेलं पंचांगाचं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलंय. सहज वाचत होतो. ज्येष्ठ अमावास्या, मंगळवार अठरा, समाप्ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. संध्याकाळी कुठल्या? पुण्याच्या. पुण्याची ती संध्याकाळ म्हणजे इथे त्याच दिवशी पहाट, उजाडायच्या आत. बस निघणार सकाळी. म्हणजे आम्ही घराबाहेर पाऊल टाकलं असतं तेव्हा अमावास्या संपून प्रतिपदा लागलेली असती. तारीख बदलायचं काही कारणच नव्हतं.

जेवताना सर्वांसमोर सांगितलं. कॅलेंडर काढून आणलं, पानावर बोट ठेवलं, जसं डेब्रापुढे ठेवलं होतं. म्हटलं, "भूगोलाच्या बाईंनी रेखांश विसरावेत?"

श्री हसला. मेधा हसली नाही. सौ.ने कॅलेंडर हातात घेतलं, बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. मग खिळ्याला परत अडकवून आली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाली आणि ताक घेतलं.

बरोबर ठरल्याचा आनंद भातापर्यंतसुद्धा टिकला नाही.

सोमवार, २७ मे

इथे आज सुट्टी. श्रीच्या मित्राकडे अंगणात मक्याची कणसं भाजली. सौ. सगळ्यांशी बोलली. माझ्याशी नाही. रागावलेली असती तर मला सोपं गेलं असतं. रागावलेली नाही.

मेधाने गाडीत हळूच सांगितलं, "बाबा, आईंना भीती वाटत होती. देवाची नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही दोघंच कुठेतरी चालला होतात ना, त्यात काही आडवं यायला नको, एवढंच. मला तसं म्हणाल्या होत्या."

मला नाही म्हणाली. मला कशी म्हणेल? मी आवाज चढवून बसलेला.

बुधवार, २९ मे

कंपनीचं उत्तर आलं. माझ्या सहा मुद्द्यांना तीन ओळी. सोमवार, तीन जून संध्याकाळपर्यंत फरक भरला नाही तर जागा सोडून देणार. सही कुणाची तेही वाचता येत नाही.

वर कुणाला तरी लिहायचा मसुदा केला. कुणाला लिहायचं ते ठरेना. फाडला.

शुक्रवार, ३१ मे

दुपारी घरी कोणी नाही. मेधाने अर्धा दिवस रजा घेतली होती, म्हटलं सौ. तिच्याबरोबर भाजीला गेली असेल. चारला परत आल्या. भाजी नव्हती.

सौ.ने माझ्यासमोर पावती ठेवली. कंपनीची. फरक भरलेला. एकीचा.

"पैसे?"

"चकल्यांचे."

म्हणजे ती हमाली फुकट नव्हती. मंडळातल्या बायका रीतसर पैसे देत होत्या, आणि मी टॉवेल हलवत होतो. मेधाला माहीत होतं. श्रीलासुद्धा. मला सांगितलं नाही, कारण मी म्हणालो असतो, आपल्या घरची बाई अमेरिकेत चकल्या विकते हे चांगलं दिसत नाही. म्हणालोच असतो.

"एकीचाच का भरलास?"

"तुमचं भांडण चाललंय ना. ते चालू द्या. मी मध्ये पडत नाही. मला नदी बघायची आहे."

मेधा नंतर सांगत होती. डेब्राने विचारलं, अँड युअर हजबंड? तर सौ. शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "ही इज स्टिल फायटिंग." डेब्राने तिचा हात हातात घेतला म्हणे. माझ्याशी तिने असलं काही केलं नाही.

शनिवार, १ जून

सौ. मजेत. श्रीच्या जुन्या बॅकपॅकमध्ये सामान भरून बघते, पुन्हा काढते. टोपी, शाल, दशम्या किती टिकतील याची चौकशी. मेधाला खडूऐवजी स्केचपेनांनी वहीवर खडकांचे थर काढून दाखवले. वरचा कुठला, खालचा कुठला, कुठला किती जुना. सगळं तोंडपाठ. मी पेपरमागून ऐकत होतो. इतकी वर्षं एका घरात राहिलो, तिचा तास कधी ऐकला नव्हता.

एकटी जाईल. खरंच जाईल, मला शंका नाही. बसमधले सगळे अमेरिकन, हिला त्यांचे उच्चार समजत नाहीत, त्यांना हिचे नाहीत. तरी जाईल.

कंपनी चोर आहे ते आहेच. त्यात बदल नाही. पण काठावर ती शेजारच्या कुणा परक्या बाईला थर समजावतेय आणि मी इथे पार्कात बापूसाहेबांच्या बाकावर बसलोय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. बापूसाहेबसुद्धा नसतील तेव्हा, तेही गेलेले असतील.

रविवार, २ जून

सकाळी श्रीने पुन्हा विचारलं, चेक लिहू का. नाही म्हटलं. त्याने खांदे उडवले.

दुपारी सौ. देव्हारा पुसत होती. मी पलीकडे पेपर वाचत होतो. तिने खालचा ड्रॉवर उघडला, एक पाकीट आत ठेवलं, ड्रॉवर लावला. मग माझ्याकडे न बघता, वातींना तूप लावता लावता म्हणाली, "चकल्यांचे उरलेले इथे असतात. लागले तर माहीत असावं."

'घ्या' म्हणाली नाही.

पोराचे घ्यायचे नाहीत हे मी ठरवून टाकलेलं आहे. बायकोचे घ्यावेत की नाही याचा नियम आमच्या खात्यात कधी आलाच नाही. घेतले तर सहल मी घडवली नाही, तिने घडवली. न घेतले तर ती घडतेच आहे, माझ्यावाचून.

कंपनीचं दार उद्या संध्याकाळपर्यंत उघडं. श्री ऑफिसला जाणार, मेधाही जाणार. डोनटच्या दुकानापर्यंत चालत किती वेळ लागतो ते मेधाला विचारलं. तिने कशासाठी ते विचारलं नाही.

सौ. झोपली. ड्रॉवर अजून उघडलेला नाही.