वासावर आलेले कुरव

२ डिसेंबर १९९३
उज्जैनला पोचले! देवास गेटला सरांचा चौकीदार बापू स्कूटर घेऊन उभाच होता. मी वेंगुर्ल्याची, एम.एस्सी.ला समुद्रपक्षी घेतले, आणि पहिली नोकरी समुद्रापासून इतक्या लांब! आई अजून हसतेय. भैरवगढच्या अलीकडे यज्ञेश्वर सरांचं घर, मागे तलाव. तलावावर जाळीचा मांडव आणि आत गुजरातच्या किनाऱ्यावरून आणलेले कुरव, म्हणजे सीगल. सरकारच्या नव्या धोरणात खोल समुद्राचा परवाना मिळालेल्या एका मासेमारी कंपनीला पक्षी मासे कसे हुडकतात ते हवंय. सरांच्या पत्नी सुनंदाकाकूंनी पोहे-जलेबी खायला घातली. म्हणाल्या, "आराम से राहा, शर्वरी. आपलंच घर समज."

६ डिसेंबर
कुरव मूळचा डोळ्यांवर चालतो. एकाने सूर मारला की त्याचे पांढरे पंख लांबून दिसतात आणि बाकीचे तिकडे झेपावतात. सरांनी त्यांना वासाचीही सवय लावली आहे. आज माशाच्या तेलात भिजवलेला कापूस पाण्यावर सोडला. वारा अंगावर घेत, आडवेतिडवे झोके घेत ते नेमके त्याच्यावर आले. मासा नव्हताच. मी टाळ्या वाजवल्या.

१० डिसेंबर
पक्ष्यांचं खाणं बंद केलंय. एकाचे डोळे सरांनी मेणाने लिंपले. मी नको म्हटलं. सर शांतपणे म्हणाले, "पोट भरलेला पक्षी काय शोधणार?" तो आंधळा कापसापर्यंत आला. बाकीच्यांनी त्यालाच फाडलं.

१३ डिसेंबर
काकूंच्या कुत्रीला, भुरीला, तेल चोळून आत सोडलं. एक कुरव उतरला. मग सगळे. आधी डोळे. सर घड्याळ बघत होते. काकू जाळी धरून रडल्या. मी सरांवर ओरडले, तर मलाच म्हणाल्या, "चुप राहा बेटा. मंदार पण असाच चिडायचा." मंदार माझ्या आधीचा मदतनीस. कुठे गेला, विचारलं. म्हणाल्या, गेलाच नाही.

१४ डिसेंबर, सकाळ
बॅग भरली. बापू फाटक उघडत नाही. सर हसून म्हणाले, पाण्याचं तापमान तेवढं घे, मग बापू स्टेशनवर सोडेल. थंडी आहे म्हणून काकूंनी माझा स्वेटर आणून दिला, अंगात घालूनही दिला. मांडवात शिरले आणि मागे कडी लागली. स्वेटर पाठीला ओला आहे — तेल —

दुपार
मांडवातच, तलावाकाठच्या पत्र्याच्या खोलीत आहे. स्वेटर फेकला. पण केसांना वास — एक कान फाटलाय — छपरावर नखं. सर जाळीबाहेरून विचारताहेत, वारा कुठून आहे. पुन्हा पुन्हा विचारताहेत.

काकू मांडवात आल्या! पक्षी त्यांना काही करत नाहीत. शिडी लावली. छपराचा पत्रा सोडवताहेत — मला वर ओढून घेतील — काकू, लवकर —

रडताहेत. म्हणतात, माफ कर बेटा, नाही तर हे मलाच आत —

पत्रा सरकला. उजेड. काकू उतरून गेल्या.

एकाने पाहिलं. मान तिरकी करून — पंख मिटले — आता बाकीचे —