जी रायफल माझी नाही

मी, लेलँड डॉयल प्रूइट, वय वर्षे सव्वीस, धान्याच्या कोठारावर वजनकाट्याचे काम करणारा, राहणार हार्लो, ओक्लाहोमा, हे कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्या हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नाही, आणि येत्या मंगळवारी, १९ नोव्हेंबरला, ओक्लाहोमा सिटीत ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव जण उठून घरी जातात. मी उरलेल्या तिघांसाठी लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने काही रद्द करायचे नाही.

शाळा मी दहावीत सोडली. कायद्याची वाक्ये वाचनालयातल्या पुस्तकातून घेतली आहेत आणि प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिला आहे. तरी काही चुकले असेल तर माझा हेतू पाहावा, शब्द पाहू नये.

१. माझे चाकांवरचे फिरते घर, त्याखालची जागा, पिकअप गाडी आणि बँकेत जे काही असेल ते माझी थोरली बहीण डार्ला हिला द्यावे. डार्ला, स्वयंपाकघरातला नळ उजवीकडे जोरात फिरवू नकोस, आटे गेलेले आहेत. दुरुस्त करतो म्हणून तीन वर्षे सांगत होतो.

२. माझी शॉटगन ड्राय फोर्क नेमबाजी क्लबला द्यावी. ज्यांच्याकडे स्वतःची नाही आणि ज्यांना तीन बंदुकांच्या स्पर्धेत एकदा उतरून पाहायचे आहे, त्यांना ती वापरायला मिळावी. त्यांना आधी हेही सांगावे की ही बंदूक मी चुकीची निवडली होती. नळी लांब, तोंडाकडून जड. दुकानात मी पहिल्या नंबरच्या माणसाकडे होती तीच मागितली. तो एका झटक्यात चार काडतुसे भरायचा. माझा अंगठा आखूड, माझ्या हातात दोनच मावतात. मिस्टर होयट मेफील्ड यांनी ती खांद्याला लावून पाहिली आणि म्हणाले, "पोरा, बंदूक छान आहे. ज्याची आहे त्याला देऊन ये."

मिस्टर होयट यांनी मला हा खेळ शिकवला, म्हणून त्यांच्याविषयी इथेच लिहितो. ते आता पासष्टचे आहेत, निवृत्त वायरमन. मी अठरा वर्षांचा असताना क्लबच्या कुंपणाबाहेर गाडीत बसून बघत होतो, तेव्हा काचेवर टकटक करून म्हणाले, "तिकीट नाही लागत रे. आत ये, नाहीतर निदान काच तरी खाली कर." पिस्तूल, रायफल आणि शॉटगन या तिन्ही एका माणसाच्या हातात नांदायला हव्यात, हे त्यांचे म्हणणे. एकीसाठी दुसरी विसरावी लागली तर निवड चुकली. पहिले वर्षभर त्यांनी मला वेगाने एकही गोळी झाडू दिली नाही. बंदूक उचलायची, सेफ्टी म्हणजे चाप अडवणारा खटका काढायचा, पुन्हा लावायचा, बंदूक ठेवायची. मी वैतागायचो. ते म्हणायचे, "घाई फुकट मिळते. सवय मिळत नाही."

३. माझे पिस्तूल विकावे, पण दुकानदाराला नाही, क्लबातल्या कोणाला तरी. नेम धरायची मागची खाच मी किंचित डावीकडे सरकवली आहे, हे घेणाऱ्याला सांगावे.

४. क्लबातल्या ट्रॉय गेन्स याला काही देऊ नये. त्याच्याकडे सगळ्यात महागाच्या तिन्ही बंदुका आहेत. हे कलम मी आधी पानभर लिहिले होते. ते फाडले, कारण त्या दिवशी तो फक्त बोलला. केले मी.

५. आता रायफल. माझ्या कपाटात दोन आहेत. काळ्या दस्त्याची माझी, ती डार्लाने पिस्तुलाबरोबर विकावी. तपकिरी दस्त्याची मिस्टर होयट यांची आहे. ती त्यांनी मला दिली, पण खोट्या समजुतीने दिली, म्हणून ती माझी कधी झालीच नाही. घडले ते असे.

सप्टेंबर २०१८ मध्ये आमच्या क्लबची वार्षिक स्पर्धा होती. तिसऱ्या फेरीत रायफलीने पाच लोखंडी पाट्या पाडायच्या, मग रायफलीची सेफ्टी लावून ती तोंड खाली करून पिंपात सोडायची आणि शॉटगन घेऊन पुढे धावायचे. फेरी संपली की पंच पिंपात पाहतो. सेफ्टी उघडी दिसली तर नेमबाज दिवसभरासाठी बाद. यात सवलत नाही, आणि नसावी, कारण भरलेली बंदूक मागे सोडून माणूस पुढे गेलेला असतो.

आम्ही नेमबाजच आळीपाळीने पंच होतो; त्या फेरीवर पंच मी होतो. घड्याळ घेऊन मिस्टर होयट यांच्या उजव्या खांद्यामागे उभा होतो. त्यांचा अंगठा फिरलेला मी पाहिला. फेरी संपल्यावर पिंपात वाकून पाहिले, तर सेफ्टी उघडी.

मी मोठ्याने म्हणालो, "सेफ्टी उघडी. नेमबाज बाद." हे नियमाला धरून होते. आजही मी तेच म्हणेन.

रिवाजाप्रमाणे त्यांना बोलावून दाखवले. त्यांनी टोपी काढून पिंपात पाहिले. बावीस वर्षांत ते एकदाही बाद झाले नव्हते. मागून ट्रॉय ओरडला, "आजोबा, आता घरी अंगणात बसा, कोंबड्या मोजा!" दोघे-तिघे हसले. मिस्टर होयट हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मला हळूच म्हणाले, "लेलँड, मी अंगठा फिरवला होता. तू मागेच होतास. पाहिलंस ना?"

मी म्हणालो, "नाही सर. मला नाही दिसलं."

कारण असे. आदल्या आठवड्यात त्यांच्या रायफलीची सेफ्टी मी बदलून दिली होती. त्यांच्या अंगठ्याला संधिवात आहे, खटका हलका फिरावा म्हणून मी हौसेने आतली स्प्रिंग नरम घातली. त्यांनी विचारले होते, "आपटून पाहिलीस का?" मी हो म्हणालो. पाहिली नव्हती. पिंपात वाकलो त्याच क्षणी मला कळले की धक्क्याने खटका आपोआप उघडला. त्यांचा अंगठा फिरला होता असे मी म्हटले असते तर पुढचा प्रश्न असा आला असता, की सेफ्टी कोणी बसवली? आणि मी पुन्हा पंच झालो नसतो.

ते म्हणाले, "मग नसेल फिरवला."

बाद झालेला माणूस बंदुका गाडीत ठेवतो, पण जात नाही. इतरांची लक्ष्ये नीट करायला थांबतो. ते संध्याकाळपर्यंत थांबले. कागदी लक्ष्यांच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावत होते. माझ्या लक्ष्यांवरही लावल्या.

त्यांच्या वडिलांना साठीनंतर विसर पडू लागला होता, शेवटी मुलांची नावेही गेली. मिस्टर होयट यांना वाटले, आपली सुरुवात झाली. पंधरा दिवसांनी रायफल घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "ज्याला आपण काय केलं ते आठवत नाही, त्याने भरलेली बंदूक हातात धरू नये. तू काळजीपूर्वक वागणारा मुलगा आहेस. ठेव." मी ठेवून घेतली. त्या रात्री गादीवर सहा वेळा आपटली; चार वेळा सेफ्टी उघडली. त्यानंतर त्यांनी हायवेवर गाडी चालवणे सोडले, गाडीच्या किल्ल्या पत्नी मिस नदीनच्या हवाली केल्या. हे सगळे मी चौदा महिने पाहतो आहे आणि दर रविवारी चर्चबाहेर त्यांच्याशी हात मिळवतो आहे.

सेफ्टीत आता मूळची स्प्रिंग परत बसवली आहे. पन्नास वेळा आपटून पाहिली. एकदाही उघडली नाही.

६. आधी पाचवे कलम मी असे लिहिले होते, की माझ्या मृत्यूनंतर ते मिस्टर होयट यांना वाचून दाखवावे. वाचनालयाच्या मिस ओपल रिग्ज यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, "बाळा, म्हणजे तू वाचलास तर त्या बिचाऱ्याने तसंच राहायचं?" तेव्हा साक्षीदार म्हणून मी मिस्टर होयट यांनाच बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही घेता येत नाही. मी त्यांना काही देतही नाही.

७. हे कलम आज वाचनालयातल्या टेबलावर, त्यांनी वाचून झाल्यानंतर लिहीत आहे. नुसती सही केली तरी चालते, आतले वाचायची सक्ती नाही, असे मिस ओपल यांनी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मी न वाचता कशावरही सही करत नाही." पाचवे कलम त्यांनी दोनदा वाचले.

"म्हणजे तू पाहिलं होतंस."

"हो सर."

"नदीन मला रोज सकाळी विचारते, होयट, आज वार कोणता? चौदा महिने. मी चोरून कॅलेंडर बघून सांगतो. बरोबरच येईल हे माहीत असतं, तरी बघतो." मग त्यांनी पाचव्या कलमावर बोट ठेवले. "बाद केलंस त्याचं काही नाही. ते तुझं कामच होतं. पण मी तुला विचारलं होतं रे."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "आत्ता नाही. आत्ता दिली तर तुझ्या झडपेची दया येऊन दिली असं होईल. मंगळवारी मरू नकोस. मला तुझ्याशी नीट भांडायचं आहे."

मिस ओपल यांनी तारखेसाठी टेबलावरचे कॅलेंडर त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी ते न पाहताच पालथे ठेवले.

वरील सात कलमे माझी आहेत. यात खोटे काही नाही. पुन्हा तपासले आहे.

लेलँड डॉयल प्रूइट
सार्वजनिक वाचनालय, हार्लो, ओक्लाहोमा

लेलँडने आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्याच्या समोर केली:

ओपल रिग्ज, ग्रंथपाल

होयट मेफील्ड, वायरमन, निवृत्त. गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. रायफल घेऊन जात आहे. गाडी मी चालवणार आहे.